पिठाच्या पोत्याचा फ्रॉक आणि दहा सेंटांचा सिनेमा : मंदीतली अमेरिका

जुनेर

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी मूळची सिन्नरची, आता कॅन्ससमध्ये विचिटाला राहते. मागच्या महिन्यात शेजारच्या आजी घर विकून मुलीकडे राहायला गेल्या. वय ९६. जाताना मला एक गोधडी देऊन गेल्या. माझ्या आईने शिवलेल्या दोन गोधड्या मी परसात वाळत घालायचे, त्या त्यांना कुंपणापलीकडून दिसायच्या. ‘तुमच्याकडेही हे असतं?’ असं त्यांनी एकदा विचारलं आणि तेव्हापासून आमची गट्टी जमली.

ही गोधडी त्यांच्या आईच्या हातची, १९३० च्या दशकातली, म्हणजे अमेरिकेतल्या महामंदीच्या काळातली. सगळे तुकडे पिठाच्या, नाहीतर कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांचे. तेव्हा तिकडे पीठ, साखर, जनावरांचं खाद्य सुती पोत्यांतून यायचं. बायका ती पोती धुऊन त्यांचे फ्रॉक, पडदे, उशांचे अभ्रे, पोरांच्या चड्ड्या शिवायच्या. गिरणीवाल्यांच्या हे लक्षात आलं. आधी त्यांनी धुतल्यावर निघेल अशी शाई शिक्क्याला वापरली, मग पोत्यावर फुलं-पानं आणि चौकडीच छापायला लागले. एका फ्रॉकला साधारण तीन पोती लागत, म्हणजे तीन पोती एकाच छापाची हवीत. त्यामुळे नवरा खाद्य आणायला निघाला की बायको त्याच्या हातात चिंधी द्यायची, ह्याला जुळणारं आण म्हणून. तो बापडा दुकानात थप्पीच्या तळातलं पोतं मागायचा. (मॅचिंगच्या दुकानात दाराशी ताटकळणाऱ्या नवऱ्यांनो, तुमची परंपरा मोठी आहे.)

पोती साखळी टाक्याने शिवलेली. नेमका दोरा सापडला की सर्रकन उसवतात, हे आपल्याला गव्हाच्या पोत्यांवरून माहीत आहेच. तो दोराही गुंडाळून ठेवायचा. ह्या गोधडीचे टाके त्याच दोऱ्याचे आहेत, असं आजी म्हणाल्या. उजेडात धरली की एका कोपऱ्यात गिरणीच्या शिक्क्याची निळसर अक्षरं अजून दिसतात.

आता माझं कोडं. आजींचं बालपण इथल्याच, कॅन्ससमधल्या डॉज सिटीजवळच्या शेतावर गेलं. म्हणजे मंदी, दुष्काळ आणि धुळीची वादळं, तिन्ही एकदम. पण त्यांना त्या दिवसांबद्दल काहीही विचारा, त्या सिनेमाबद्दल बोलायला लागतात. घरात अन्नाची मारामार आणि आठवण काय, तर सिनेमा! असं का?

शेअर बाजार का पडला, त्यावर खंडीभर लिहिलं गेलंय. ते नको. लोक काय खात, काय ऐकत, पेपरात काय वाचत, कशावर हसत, ते लिहा.

बोरूबहाद्दर

पहिला! मस्त धागा. लेखमाला करा.

बाजाराचं नको म्हणालात तरी एक सांगतोच. १९२९ च्या ऑक्टोबरात वॉल स्ट्रीटवर दलाल खिडक्यांतून धडाधड उड्या टाकत होते म्हणे. हॉटेलात खोली मागितली की कारकून विचारायचा, झोपायला हवी की उडी मारायला?

चष्मिष्ट

बोरूभाऊ, तो तेव्हाचा विनोद आहे आणि आज इतिहास म्हणून खपतो. अर्थतज्ज्ञ गॅलब्रेथने आकडे तपासून दाखवलं होतं की त्या दिवसांत आत्महत्यांची लाट वगैरे नव्हती. खरी हलाखी नंतर आली, सावकाश. डाऊ जोन्स हा तिथला शेअर निर्देशांक ३ सप्टेंबर १९२९ ला ३८१ होता, तो ८ जुलै १९३२ ला ४१ वर. पुन्हा ३८१ दिसायला १९५४ उजाडलं. पण शेअर असलेली माणसं मुळात थोडी. बाकीच्यांची नोकरी गेली. १९३३ मध्ये चारांतला एक कामगार बेकार होता.

विनोदांचंच म्हणाल तर सगळ्यात जास्त चालले तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष हूवरवरचे. अंगावर पांघरलेलं वर्तमानपत्र म्हणजे ‘हूवर ब्लँकेट’. उलटा करून बाहेर काढलेला रिकामा खिसा म्हणजे ‘हूवरचा झेंडा’. पेट्रोलला पैसे नाहीत म्हणून खेचरं जुंपलेली मोटार म्हणजे ‘हूवर गाडी’. पत्र्या-खोक्यांच्या झोपडपट्ट्यांना तर ‘हूवरव्हिल’ हेच नाव पडलं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्येसुद्धा एक होती. राष्ट्राध्यक्षाचं असं सामान्यनाम झालेलं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

ताकभात

खाण्याचं मी लिहिते, दुसरं मला काही येत नाही.

१९३० च्या शरदात सफरचंदं भरमसाट पिकली. व्यापाऱ्यांनी ती बेकारांना उधारीवर खोक्याने द्यायला सुरुवात केली. नगाला ५ सेंट. एकट्या न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर त्या नोव्हेंबरात सहाएक हजार सफरचंदवाले होते. सुटाबुटातला माणूस कोपऱ्यावर खोकं मांडून उभा, हे मंदीचं चित्रच होऊन बसलं. सुरुवातीला लोक दयेपोटी घ्यायचे. मग कंटाळले. किती सफरचंदं खाणार?

त्याच हिवाळ्यात शिकागोत फुकट सूप वाटायचं एक केंद्र अल कपोनने चालवलं. हो, तोच. गुंडाने अन्नछत्र काढावं आणि लोकांनी दुवा द्यावा, ह्यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही.

मला मात्र खरी चीड येते ती पुढच्या गोष्टीची. शहरात भाकरीला रांगा आणि गावात मका इतका मातीमोल, की आयोवात शेतकरी तो कोळशाऐवजी शेगडीत जाळायचे. १९३३ मध्ये भाव वर यावेत म्हणून सरकारने साठ लाख डुकरं मारवली आणि कोटभर एकर उभा कापूस नांगरून टाकायला पैसे दिले. ह्या गोंधळाला ‘टंचाई’ कसं म्हणायचं?

घरी मग जे असेल ते. बटाटे, घेवडा, डँडेलियनचा पाला (आपण दुष्काळात तांदुळजा-कुर्डू आणतो तसा), शिळ्या पावाचं पुडिंग. सफरचंदाशिवायचा सफरचंदाचा पाय पण असायचा! साखरेच्या पाकात खारी बिस्किटं, लिंबू आणि दालचिनी. मी करून पाहिलाय. डोळे मिटून खाल्लात तर फसाल. डब्यातली मॅकरोनी-चीज १९३७ ला आली, १९ सेंटात चौघांचं जेवण. आमच्याकडे ती आजही नातवासाठी आणावी लागते, आणि मला ती आजही आवडत नाही.

वाचनमात्र

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. येऊ द्या.

खिडकीपाशी

वाचनमात्र, बसा. तुमच्या हातातला तो कागदी ठोंगाही मंदीचीच देणगी आहे!

त्याआधी मोठ्या थिएटरांचे मालक पॉपकॉर्न आत येऊ द्यायचे नाहीत. गालिचे, झुंबरं, वर्दीतले द्वारपाल असा थाट, त्यात लाह्या सांडणार कोण? शिवाय मूकपटात कुरकुर ऐकू यायची. मग बोलपट आले आणि मागोमाग मंदी. १९३० मध्ये आठवड्याला आठ कोटींच्या वर तिकिटं विकली जायची, ती दोन-तीन वर्षांत सहा कोटींवर घसरली. फेरीवाले दाराबाहेर ५ सेंटाला पिशवी विकत होतेच, मग मालकांनी यंत्र आतच घेतलं. दाण्यांची किंमत नगण्य, तिकिटापेक्षा लाहीत नफा जास्त. म्हणजे जुनेरताई, ‘पैसे नव्हते तरी लोक सिनेमाला जात’ हे अर्धंच खरं. पुष्कळांनी जाणं सोडलं होतं. त्यांना परत आणायला मालकांनी नाना युक्त्या केल्या.

एका तिकिटात दोन सिनेमे ही पहिली. दुसरी ‘बँक नाइट’. वहीत नाव लिहायचं, ठरल्या रात्री सोडत, नाव पुकारलं की काही मिनिटांत स्टेजवर हजर. जुगारबंदीचा कायदा आड येऊ नये म्हणून नाव नोंदवायला तिकिटाची सक्ती नाही असं कागदोपत्री दाखवायचं. तिसरी माझी लाडकी, ‘डिश नाइट’. सोमवार-मंगळवार असला धंद्याचा मंदा वार धरायचा आणि त्या रात्री प्रत्येक बाईला तिकिटावर एक बशी फुकट. पुढच्या आठवड्यात कप. त्याच्या पुढच्या आठवड्यात वाडगा. अख्खा सेट हवा तर वर्षभर या! आवडीचा नट असो नसो, बायका हजर. अंधारात कुणाच्या तरी मांडीवरून बशी निसटायची, खळ्ळ आवाज व्हायचा आणि अख्खं थिएटर हसायचं. त्या काळातल्या कुणाच्याही आठवणी काढा, हा आवाज सापडतोच.

त्याच वेळची स्वस्तातली गुलाबी-हिरवी साच्याची काच. ओट्सच्या डब्यातूनही एखादा पेला निघायचा. आता तिला ‘डिप्रेशन ग्लास’ म्हणतात आणि जुन्या वस्तूंच्या दुकानात ती भाव खाते.

कापूसकोंड्या

मी अकोल्याचा. आमच्याकडे न्यूयॉर्क म्हणजे कापसाचा भाव, असं आजोबा सांगायचे, म्हणून इथे लिहितो.

न्यूयॉर्क-लिव्हरपूलच्या तारा मुंबईला यायच्या आणि तिथून वऱ्हाडच्या बाजारात. अमेरिकेत कापूस १९२९ ला पौंडाला १६-१७ सेंट होता, तो १९३१-३२ च्या हंगामात ६ सेंटांच्या आत आला. तिथे मिसिसिपीचा शेतकरी बुडाला, इथे आम्ही. त्याला आमचं नाव माहीत नाही, आम्हाला त्याचं. शेतसारा मात्र रोखीतच भरायचा आणि सावकाराचं व्याज काही कापसाबरोबर उतरत नाही.

सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णमानक सोडलं, म्हणजे पौंडाची सोन्याशी असलेली सांगड तोडली. रुपया पौंडाला बांधलेला, त्यामुळे रुपयातला सोन्याचा भाव चढला. तोळ्याला २१ रुपयांचं सोनं काही वर्षांत पस्तिशीला. मग घराघरांतून पाटल्या, गोठ, पुतळ्यांच्या माळा निघाल्या, सराफांकडे वितळल्या आणि विटा होऊन मुंबई बंदरातून लंडनला गेल्या. त्या दशकात तीनशे कोटी रुपयांच्या आसपासचं सोनं असं देशाबाहेर गेलं. वरून पाहणाऱ्यांनी लिहिलं, की हिंदुस्थानी लोक चढ्या भावाचा फायदा घेताहेत. आमच्या पणजीच्या पाटल्या त्याच फायद्यात गेल्या. तिने मरेपर्यंत काचेच्या बांगड्याच घातल्या. कुणी विचारलं तर म्हणायची, ‘सोनं वजनाले जड होते बाप्पा, काम करता येत नाही.’

रच्याकने, पुढे मुंबईत न्यूयॉर्कच्या कापसाच्या उघडत्या-मिटत्या भावांवर आकडे लागायचे, त्यातूनच मटका आला. एवढं एक त्या बाजाराने आपल्याला दिलं.

ताकभात

कापूसकोंड्या, पणजीचं वाक्य वाचून थांबले. माझ्या आजीकडेही असंच एक वाक्य होतं, पण ते इथे नको.

घाटमाथा

रेडिओ राहिला की! १९३० च्या जनगणनेत अमेरिकेतल्या शंभरातल्या चाळीस घरांत रेडिओ होता. १९४० ला ऐंशीच्या वर घरांत. अख्खं दशक तंगीचं आणि रेडिओची घरं दुप्पट! हप्त्यावर घेतलेलं बाकी सामान लोक परत करायचे, रेडिओचा हप्ता शेवटपर्यंत भरायचे. एकदा घेतला की करमणूक फुकट.

दुपारी बायकांसाठी रडक्या मालिका, प्रायोजक साबणवाले, म्हणून ‘सोप ऑपेरा’. आपल्या सासू-सुनांचं कूळ ते. संध्याकाळी सातला दोन मित्रांच्या फजितीची एक मालिका लागायची. तिचं वेड एवढं, की सिनेमावाले त्या पंधरा मिनिटांपुरता खेळ थांबवून थिएटरात रेडिओ लावायचे, नाहीतर गिऱ्हाईक घरीच बसायचं.

पण मला सांगायचीय ती १२ मार्च १९३३ ची रात्र. तीन वर्षांत हजारो बँका बुडालेल्या. नवा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ४ तारखेला शपथ घेतो आणि ६ तारखेपासून देशातली एकूण एक बँक बंद करतो. आठवडाभर कुणाच्या हातात रोकड नाही. दुकानदार चिठ्ठीवर माल देताहेत. वॉशिंग्टन राज्यातल्या टेनायनो गावाने तर त्याआधीच, गावची बँक बुडाल्यावर, लाकडाच्या पातळ पापुद्र्यांवर नोटा छापून चालवल्या होत्या. अशात रविवारी रात्री रूझवेल्ट रेडिओवर येतो आणि बँक म्हणजे काय, तुमचा पैसा तिजोरीत पडून का नसतो, हे साध्या शब्दांत सांगतो. गादीखाली ठेवण्यापेक्षा पुन्हा उघडलेल्या बँकेत पैसा सुरक्षित आहे म्हणतो. दुसऱ्या दिवशी बँकांसमोर पुन्हा रांगा. ह्या वेळी पैसे भरायला!

नोटबंदीच्या रांगा आठवल्या का कुणाला? मला आठवल्या. गप्प बसतो.

आपल्याकडे उलटं झालं. मुंबईत १९२७ ला सुरू झालेली खाजगी रेडिओ कंपनी १९३० मध्ये दिवाळ्यात निघाली. मग सरकारनेच ते काम अंगावर घेतलं आणि १९३६ ला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव पडलं.

सांजवात

धागा सुरेख आहे, वाचतेय. पण ‘गरिबी होती तरी सगळे कसे एकत्र’ असा सूर हळूहळू लागायला लागलाय, म्हणून लिहिते.

घाटमाथा, ती सातची लाडकी मालिका दोन काळ्या मित्रांची होती आणि दोघांचे आवाज काढणारे नट गोरे होते. देश ज्यावर हसत होता ते हे. बहुतेक जागी काळ्या प्रेक्षकाला थिएटरात वेगळं दार आणि वरचा सज्जा. ‘सगळ्यात शेवटी कामावर, सगळ्यात आधी बाहेर’ ही म्हणच होती. म्हातारपणीच्या पेन्शनचा कायदा १९३५ ला झाला, त्यातून शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बाया वगळल्या. दक्षिणेत ही दोन कामं कोण करत होतं, ते सांगायला नको.

मेक्सिकन कुटुंबांना तर लॉस एंजेलिसहून गाड्या भरून सीमेपार पाठवलं. त्यांतली कित्येक मुलं अमेरिकेत जन्मलेली, म्हणजे नागरिकच. कॅलिफोर्नियाने त्याची माफी मागितली २००५ मध्ये.

आणि बायका. १९३२ च्या एका कायद्याने नवरा-बायको दोघं केंद्र सरकारच्या नोकरीत असतील तर कपातीत त्यांतल्या एकाला आधी काढायचं ठरलं. गेल्या त्या बहुतेक बायका. पुष्कळ शाळांत लग्न झालेल्या शिक्षिकेला घेतच नसत. काहींनी लग्न लपवलं. बशीचा सेट मिळाला हो, पण त्या बाईला पगार कोण देत होतं?

बोरूबहाद्दर

आलं का! प्रत्येक धाग्यावर हे आणलंच पाहिजे का? ताईंनी सिनेमाचं विचारलंय.

सांजवात

सज्जा सिनेमाच्याच थिएटरातला आहे.

चष्मिष्ट

+१. बोरूभाऊ, ही विकेट गेली.

जुनेर

धाग्याचं काश्मीर करू नका रे बाबांनो. सांजवात, उलट बरं केलंत. आजींना मी सज्ज्याबद्दल विचारलं. आधी म्हणाल्या, आठवत नाही. मग जरा वेळाने, ‘वर कोण बसायचं ते आम्ही मान वळवून कधी पाहिलंच नाही.’

धुळीचं लिहायचं राहिलं होतं. १४ एप्रिल १९३५, रविवार, पाम संडेचा दिवस. सकाळ लख्ख, कित्येक आठवड्यांनी स्वच्छ. लोकांनी खिडक्या उघडल्या, धुणी घातली. दुपारी उत्तरेकडून काळी भिंत आली. आजी तेव्हा सहा वर्षांच्या. त्या म्हणतात की आधी पक्षी आले, वेड्यासारखे, मग काळोख. स्वतःचा हात दिसेना. त्या दिवसाला ‘काळा रविवार’ हेच नाव राहिलं. तेव्हा घरात ताटं पालथी मांडायची पद्धत होती, अगदी जेवण वाढेपर्यंत. खिडक्यांना ओल्या चादरी लावायच्या, रात्री तोंडावर ओलं फडकं. सकाळी उशीवर डोक्याचा आकार तेवढा पांढरा, बाकी मातकट.

गवताळ माळ नांगरून गहू लावला, पाऊस गेला, भाव पडला, शेतं तशीच उघडी टाकली, वारा सुटला. एवढंच कारण. १९३४ च्या मे महिन्यात तर इकडची माती न्यूयॉर्कपर्यंत उडाली आणि अटलांटिकमधल्या जहाजांवर पडली. वॉशिंग्टनच्या साहेबांच्या टेबलावर कॅन्ससची माती पडली, तेव्हा कुठे मृद्संधारणाचं खातं निघालं.

माळवद

जुनेरताई, सिन्नरकडचीच मी. ७२ च्या दुष्काळात आमच्या आईने नाला बंडिंगवर माती वाहिली, खडी फोडली. तेव्हा रेशनला तांबडी मिलो ज्वारी यायची, अमेरिकेची. भाकरी थापताना फाटायची, पोरं तोंड वाकडी करायची. ती तुमच्या त्या माळांवरच पिकत असणार. तिकडच्या धुळीतून उठलेल्या शेतांनी आम्हाला जगवलं म्हणायचं, चव कशी का असेना.

सरकारी कामांचं कुणी लिहिलं नाही. अठरा ते पंचविशीतल्या बेकार पोरांना जंगल-कामाच्या छावण्यांत नेत, महिना ३० डॉलर, त्यांतले २५ परस्पर घरी. मोठ्यांसाठी रस्ते, शाळा, पूल, विमानतळ अशी कामं. वर्षानुवर्षं लाखो लोक त्यावर. आणि टीका? कामगार फावड्याला टेकून उभे असतात, ही! आमच्या आईच्या कामावर मुकादमही हेच म्हणायचा.

चष्मिष्ट

अवांतर, पण राहवत नाही. लहानपणी सगळ्यांनी ‘व्यापार’ खेळलाय ना? मरीन ड्राइव्ह, मलबार हिल विकत घेतलंय? त्याचा बाप ‘मोनोपॉली’ १९३५ मध्ये बाजारात आला. खिसे रिकामे आणि लोक रात्र-रात्र बसून खोट्या नोटांनी अटलांटिक सिटीचे रस्ते विकत घेताहेत. चार्ल्स डॅरो नावाच्या बेकार माणसाने तो शोधला अशी गोष्ट डब्यासोबत विकली गेली. खरं म्हणजे लिझी मॅगी ह्या बाईने १९०४ मध्येच जमीनमालकाच्या खेळाचं पेटंट घेतलं होतं. भाडं खाणारे कसे गब्बर होतात आणि बाकीचे कसे कंगाल, हे दाखवायला! तिला ५०० डॉलर मिळाले, डॅरो लखपती झाला. तिचा मुद्दा त्याहून चांगला कुणी सिद्ध केला नसता.

त्याआधीचं वेड जिगसॉ कोड्यांचं. १९३३ च्या सुरुवातीला आठवड्याला कोटभर पुठ्ठ्याची कोडी विकली जात होती. वाचनालयातून भाड्यानेही मिळायची. बेकार माणसाला दिवसाकाठी एक गोष्ट पूर्ण झाल्याचं समाधान, अजून काय हवं.

अर्धी भाकर

पेपरात काय वाचत? तर लिंडबर्गचं बाळ! विमानवीर लिंडबर्गचा वीस महिन्यांचा मुलगा १ मार्च १९३२ ला त्याच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीतून शिडी लावून पळवला. ५० हजार डॉलर खंडणी दिली, मे महिन्यात मुलाचं प्रेत सापडलं. अडीच वर्षं देश दुसरं काही बोलत नव्हता.

आणि गुन्हेगार सापडला तो मंदीमुळे! खंडणीत मुद्दाम ‘गोल्ड सर्टिफिकेट’ (सोन्याच्या हमीच्या) नोटा घातल्या होत्या, नंबर लिहून ठेवून. पुढे एप्रिल १९३३ मध्ये सरकारने लोकांकडचं सोनं आणि ह्या नोटाही जमा करायला सांगितल्या. म्हणजे जी नोट कुणाच्या लक्षातही आली नसती ती आता उठून दिसायला लागली. सप्टेंबर १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका पेट्रोल पंपावर कुणी अशी १० डॉलरची नोट दिली. पंपावरच्या माणसाला वाटलं, बँक नाकारेल, म्हणून त्याने गाडीचा नंबर नोटेच्याच कडेला खरडला. त्यावरून हाउप्टमन सापडला. खटल्याच्या गावी जत्रा भरली, टोळकी शिडीच्या छोट्या प्रतिकृती विकायला बसली. १९३६ ला त्याला विजेच्या खुर्चीत बसवलं. तो एकटा होता का, ह्यावर अजून वाद घालतात.

कापूसकोंड्या, बघा, तिकडे सरकार सोनं काढून घेतंय आणि इकडे तुमची पणजी विकतेय, जवळपास एकाच वेळी.

सांजवात

एक फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला असतो. कपाळावर आठ्या, हनुवटीला हात, दोन मुलांनी खांद्यात तोंड लपवलेली आई. १९३६ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात निपोमोच्या वाटाणा-मजुरांच्या तळावर डोरोथिया लँगने काढला. पेपरात छापून आल्यावर सरकारने त्या तळावर वीस हजार पौंड अन्न पाठवलं. तोवर ती बाई पोरांना घेऊन पुढच्या कामाला निघून गेली होती. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचं नाव जगाला कळलं चाळीसेक वर्षांनी. त्या फोटोचा तिला एक पैसा मिळाला नाही, आणि तो काढू दिला नसता तर बरं, असं ती म्हणाली.

बोरूबहाद्दर

हे माहीत नव्हतं. सांजवात, अजून लिहा. (माझा वरचा प्रतिसाद मागे.)

जुनेर

काल आजींना फोन केला. तुमचे सगळे प्रतिसाद जमतील तसे इंग्रजीत सांगितले. पणजीच्या पाटल्यांचं दोनदा सांगायला लावलं. मग मी सरळच विचारलं, की सिनेमाच का आठवतो?

१९३६ चा उन्हाळा. कॅन्ससमध्ये पारा ४९ अंशांपर्यंत गेला होता, आजही तो विक्रम आहे. शेत सोडून हे लोक गावात आले होते. गावात गार हवेची जागा एकच, थिएटर. त्यांची आई मंगळवारी बशीसाठी त्यांना घेऊन जायची. आईचे पंधरा सेंट, मुलीचे दहा. खुर्चीत बसली की आई पाच मिनिटांत झोपायची. ‘आईला एकाही सिनेमाचा शेवट माहीत नव्हता. घरी चालत जाताना मी तिला सांगायचे. एखादा शेवट मी बदलायचेही, तिला काय कळणार?’

बशी ह्यांच्या मांडीवर. आई उठेपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवायची, मारामारीचा सीन आला तरी हलायचं नाही.

एका मंगळवारी सुटली. सगळे हसले, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. आई जागी झाली, तिने खाली वाकून अंधारात चाचपत तुकडे गोळा केले, रुमालात बांधले आणि काही न बोलता पुन्हा झोपली. पुढच्या मंगळवारी बशी नव्हती, कप होता.

ताकभात

मग सेट?

जुनेर

सहा कप, पाच बशा. मुलीकडे राहायला जाताना त्या स्वतःच्या मांडीवर घेऊन गाडीत बसल्या होत्या.